उशी एका दिवसात, खोळ सहा महिन्यांत

ऑपरेशन होऊन आठ-दहा दिवस झालेले असतात. पट्टी निघते, डॉक्टर "छान आहे" म्हणतात आणि घरी आल्यावर ती दार लावून आरशासमोर उभी राहते. छाती गळ्याकडे चढलेली दिसते. वरचा भाग फुगलेला, खालचा सपाट. कातडी ताणून चकचकीत झालेली, हाताला कडक लागणारी. दोन्ही बाजू सारख्या तर नाहीतच. "एक वर, एक खाली झालंय की हो डॉक्टर, हे असंच राहणार का?" असा फोन मग जातो. पलीकडून उत्तर येतं, "तीन महिने थांबा." या उत्तरानं कुणाचंही समाधान होत नाही, कारण तीन महिन्यांत नेमकं काय होणार आहे ते सांगायला कुणाला सवड नसते.

कोडं खरंच विचारात पाडणारं आहे. दोन्ही बाजूंना एकाच मापाचे इम्प्लांट बसवले, एकाच दिवशी, एकाच सर्जननं. मग दोन बाजू वेगळ्या का? आणि आत घातलेली वस्तू बदलत नाही, तर बाहेरून दिसणारा आकार महिनोन्‌महिने बदलतो कसा?

सांगली-मिरजेला दवाखान्यांची काही कमी नाही. मिरजेत वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं. १९६२ मध्ये तिथंच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. बेळगाव-विजापुराकडचे पेशंट आजही मिरजेची गाडी धरतात. अशा गावात मुतखड्याचं, गुडघ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस गल्लीतच भेटतो आणि न विचारता सगळं सांगतो. चौथ्या दिवशी काय दुखतं, आठव्या दिवशी काय खायचं, सगळं. स्तनांच्या ऑपरेशनचं मात्र कुणी बोलत नाही. ते बरेचदा पुण्या-मुंबईला जाऊन, घरात दोघा-तिघांनाच सांगून केलेलं असतं. विचारायला जाऊबाई नाही, शेजारीण नाही. उरतो मोबाइल, आणि मोबाइलवर दिसतात ते 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. त्यातला 'नंतर' बहुधा सहा महिन्यांनंतरचा किंवा वर्षानंतरचा असतो. मधल्या दिवसांचा फोटो कुणी लावत नाही. माझ्या मते निम्मी भीती तिथूनच येते.

उशी आणि खोळ

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनची पातळ, चिवट पिशवी. आत सिलिकॉनचाच घट्ट जेल. काही प्रकारांत मिठाचं निर्जंतुक पाणी भरतात. हल्लीचा जेल इतका घट्ट असतो की पिशवी मधोमध कापली तरी तो जागच्या जागी राहतो, वाहत नाही. आकार दोन प्रकारचे, गोल आणि थेंबासारखा. माप घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे 'सीसी'त.

ही झाली उशी. आपल्याला दिसते ती मात्र खोळ. खोळ बनते ती त्या बाईच्या स्वतःच्या कातडीची, चरबीची, दूधग्रंथींची आणि छातीच्या स्नायूची. सर्जन या थरांमध्ये एक कप्पा तयार करतो आणि त्यात इम्प्लांट सरकवतो. कोऱ्या, घट्ट खोळीत उशी कोंबली की ती एका टोकाला गोळा होते, कोपरे रिकामे राहतात. वापरता वापरता कापड सैल पडतं आणि उशी पसरून बसते. उशी तीच, मापही तेच, बदलते ती खोळ.

कप्पा कुठं करायचा याचे मुख्य पर्याय दोन: दूधग्रंथींच्या मागं पण स्नायूच्या पुढं, किंवा स्नायूच्याही मागं. बऱ्याचदा मधला मार्ग काढतात, इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा भाग ग्रंथींखाली. पहिल्या महिन्यांत आरशात काय दिसेल, ते बरंचसं या निवडीवर ठरतं.

वर चढलेलं खाली कसं येतं

स्नायूचं आधी पाहू. छातीचा मोठा स्नायू बरगड्यांवर चपखल पडून असतो. त्याच्याखाली अचानक पाहुणा आला की तो आखडतो आणि इम्प्लांटला वर, काखेच्या बाजूला रेटतो. त्याच वेळी स्तनाच्या खालच्या भागातली कातडी अजून ताणलेली नसते, म्हणून खाली जागा नसते. परिणाम आरशात दिसतो तोच: वर फुगवटा, खाली सपाटी आणि स्तनाग्र जमिनीकडे झुकल्यासारखं. पुढच्या काही आठवड्यांत स्नायू सैलावतो, खालची कातडी हळूहळू ताण घेते, इम्प्लांट खाली उतरतो. तो उतरला की स्तनाग्र पुन्हा मध्यावर आल्यासारखं दिसतं. स्तनाग्र हललेलं नसतं, त्याच्या मागची गोलाई खाली आलेली असते.

सुजेचं गणित वेगळं. कापलेल्या भागात शरीर पाणी सोडतं, आणि त्या पाण्याचा निचरा करणाऱ्या बारीक वाहिन्याही शस्त्रक्रियेत दुखावलेल्या असतात. म्हणून सूज पटकन येते आणि सावकाश जाते. मोठी सूज तीन ते सहा आठवड्यांत उतरते, उरलेली रेंगाळते. ती खालीही उतरते, त्यामुळे काहींना आठवडाभर पोटाचा वरचा भागच फुगलेला वाटतो. पहिल्या दिवसांत कूस बदलताना कुळकुळ आवाजही येतो. कप्प्यात राहिलेली थोडी हवा आणि पाणी, एवढंच त्याचं कारण. शरीर ते शोषून घेतं. पण रात्री अंथरुणात तो आवाज ऐकून पिशवी फुटली असं समजून रडलेल्या बायका आहेत.

स्तनाग्राला बधिरपणा येतो, किंवा उलट ब्लाऊजचं कापडसुद्धा सहन होत नाही. बरगड्यांमधून येणाऱ्या चिवट पण बारीक मज्जातंतूंना ताण बसलेला असतो. बहुतेकींची जाणीव काही महिन्यांत परतते. थोड्या जणींची पूर्ण परतत नाही, आणि हे आधी सांगायला हवं.

दिसण्याला वेळ लागतो ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त छापून आला. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या कैदेत सापडला होता, तिथं त्याचं नाक कापलं गेलं. एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. जगभरच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हा लेख आजही सांगितला जातो. त्या वृत्तान्तात दिवसांचा हिशेब दिलेला आहे. पहिले पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं, आणि कपाळाशी जोडून ठेवलेली कातडीची पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची, तेव्हा नाकाचं रूप सुधारण्यासाठी आणखी थोडी कापाकापी करायची. रूपाचं काम शेवटी ठेवायचं, हे त्या कारागिराला नीट ठाऊक होतं.

डावं आणि उजवं

कुठल्याही बाईचे दोन्ही स्तन मुळात सारखे नसतात. एक थोडा मोठा, एक स्तनाग्र थोडं खाली, एका बाजूच्या बरगड्या जरा पुढं. पाठीचा कणा किंचित वाकडा असेल तर फरक आणखी वाढतो. ऑपरेशनआधी तिकडं कुणाचं लक्ष नसतं. नंतर ती रोज दहा वेळा पाहते आणि जुना फरक नव्यानं सापडतो. मोठ्या आकारात तो जास्त ठळकही होतो. म्हणूनच चांगला सर्जन आधी मापपट्टी घेऊन बसतो, गळ्याच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजतो, फोटो काढतो आणि फरक पेशंटला तिथंच दाखवतो. हे काम टाळणाऱ्याकडं जाऊ नये, असं मी तरी सांगेन.

त्यात हाताचा वापर येतो. उजव्या हातानं काम करणारीचा उजवा स्नायू जास्त बळकट असतो. घरी आल्यावर कितीही सांगा, कळशी, कुकर, लेकरू सगळं त्याच हातानं उचललं जातं. ती बाजू जास्त दिवस सुजते आणि उशिरा खाली उतरते. पहिल्या दोन महिन्यांतला वर-खाली फरक पुष्कळदा एवढ्याचाच असतो.

दोन स्तनांमधल्या अंतराचीही तक्रार येते. सिनेमातल्यासारखे ते जवळ का नाहीत? स्नायू छातीच्या मधल्या हाडाला जिथं चिकटलेला असतो, तिथपर्यंतच कप्पा नेता येतो. तो जोड सोडवत पुढं गेलं तर दोन्ही कप्पे मध्यभागी एकमेकांना मिळू शकतात, आणि ते दुरुस्त करणं फार अवघड जातं.

शरीर स्वतः शिवतं ते अस्तर

शरीरात बाहेरची वस्तू शिरली की तिला पचवायचा किंवा हाकलायचा प्रयत्न होतो. दोन्ही जमलं नाही तर शरीर तिच्याभोवती पातळ पापुद्रा तयार करतं आणि तिला वेगळं पाडतं. हृदयाचा पेसमेकर बसवला तरी त्याच्याभोवती असा पापुद्रा येतो. इम्प्लांटभोवतीच्या या पापुद्र्याला डॉक्टर 'कॅप्सूल' म्हणतात. ती प्रत्येकीला येते, आणि इम्प्लांट जागेवर राहायला तिचा उपयोगच होतो.

अडचण येते ती हे अस्तर आटायला लागलं की. धुण्यात आटलेल्या खोळीत मऊ उशीही टणक गोळा होऊन बसते. इम्प्लांट आतून मऊच असतो, पण चहूबाजूंनी दाबला गेल्यानं गोल, कडक आणि वर ओढल्यासारखा दिसतो. अमेरिकी सर्जन जेम्स बेकर यांनी १९७०च्या दशकात याच्या चार पायऱ्या ठरवल्या, त्या आजही वापरतात. पहिलीत स्तन मऊ आणि नैसर्गिक. दुसरीत हाताला किंचित घट्ट, दिसायला ठीक. तिसरीत घट्टपणा डोळ्यांना दिसतो, आकार बिघडतो. चौथीत कडक, बेढब आणि दुखरा. पहिल्या दोन पायऱ्यांवर बहुधा काही करत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार होतो.

अस्तर आटण्याची कारणं अनेक: कप्प्यात साचलेलं रक्त, इम्प्लांटच्या पृष्ठभागावर चिकटून बसलेले थोडेसे जंतू, छातीला दिलेलं रेडिएशन. सुरुवातीचा कडकपणा आणि हा कडकपणा यांतला फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे दिशा. सुजेचा कडकपणा दर आठवड्याला कमी होतो. अस्तराचा कडकपणा आधी मऊ झालेल्या स्तनात, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, वाढत जातो.

मालिशबद्दल एक सांगायला हवं. आपल्याकडे कुठलाही कडकपणा दिसला की तेल कोमट करून चोळायचा सल्ला घरातूनच येतो. काही सर्जन ठरावीक पद्धतीनं इम्प्लांट सरकवायला शिकवतात, काही साफ मना करतात, खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटला तर ते करतच नाहीत. आपल्या सर्जननं दाखवल्याशिवाय हात लावू नये. ओल्या टाक्यांवर तेल तर नकोच.

चौकट : थांबायचं नाही अशी लक्षणं

• काही तासांत एकच बाजू टम्म फुगणं, तडतडून दुखणं, निळी-जांभळी पडणं. आत रक्त साचत असू शकतं.
• ताप, पसरत जाणारी लाली, गरमपणा, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी.
• टाके उसवून आतला इम्प्लांट दिसणं, किंवा त्यावरची कातडी काळसर, कागदासारखी पातळ होणं.
• दम लागणं, छातीत कळ येणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं. सर्जनच्या वेळेची वाट न पाहता जवळचं मोठं हॉस्पिटल गाठावं.
• वर्षानुवर्षं बरं असताना एक बाजू अचानक सुजणं किंवा गाठ लागणं.

सुरकुत्या, हालचाल, घसरण

शांत दिसणारा आकार हालचालीत वेगळा दिसतो. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर नमस्कारासारखे हात जोडून तळवे एकमेकांवर जोरात दाबून पाहा. स्नायू आवळला जातो आणि स्तन क्षणभर वर-बाहेर सरकतो, कधी कातडीला खळगा पडतो. आतला इम्प्लांट फुटलेला नसतो, स्नायू त्याला ढकलत असतो. थोडी हालचाल जवळजवळ सगळ्यांनाच दिसते. व्यायाम करणाऱ्या बायकांना ती जास्त खुपते, आणि त्यांच्यासाठी कप्प्याची जागा आधीच वेगळी निवडता येते.

इम्प्लांट स्नायूच्या पुढं असला की हा त्रास नसतो, पण सडपातळ बाईत दुसरा येतो. पुढं वाकलं की बाहेरच्या कडेला सुरकुत्या दिसतात. खोळ पातळ असली की उशीच्या घड्या वरून दिसणारच. तिथं दुसरीकडची थोडी चरबी काढून भरतात, किंवा कप्पा बदलतात.

आणि खाली उतरणं प्रमाणाबाहेर गेलं तर? स्तनाखालची घडी म्हणजे सगळ्या वजनाचा आधार. ती सैल पडली की इम्प्लांट घडीच्याही खाली घसरतो आणि स्तनाग्र वर बघायला लागतं. इम्प्लांट जितका मोठा, तितका हा धोका जास्त. "घालायचाच आहे तर मोठाच घाला" हा हिशेब इथं महागात पडतो. पुढं बाळंतपण, वजन वाढणं-उतरणं, वय हे सगळं खोळीवरच काम करतं, म्हणून पाच वर्षांनी दिसणारा आकार सहा महिन्यांच्या आकारासारखा राहीलच असं नाही.

टाक्यांच्या व्रणाचं थोडक्यात. पहिले काही महिने तो लाल, उंचवटलेला असतो. वर्ष-दीड वर्षात फिका पडतो. सावळ्या कातडीत व्रण जाड होऊन वाढत जाण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा जास्त असते. लसीच्या जागी किंवा कान टोचलेल्या जागी गाठ आली असेल तर ते सर्जनला आधीच सांगावं.

कर्करोगानंतरची गोष्ट

आपल्या भागात इम्प्लांटचा विषय बऱ्याच घरांत सौंदर्यामुळं येत नाही, कर्करोगामुळं येतो. मिरजेच्या सिद्धिविनायक गणपती कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेतलेल्या घरांना हे माहीत आहे. इथं खोळीचे आतले थरच गेलेले असतात. ग्रंथी आणि चरबी काढल्यावर इम्प्लांटवर कातडी आणि फार तर स्नायू एवढंच उरतं. कडा हाताला लागतात, सुरकुत्या लवकर दिसतात, दुसऱ्या स्तनाशी बरोबरी कपड्यांत जमते, आरशात पूर्ण जमत नाही. कातडी कमी असेल तर आधी एक रिकामी पिशवी बसवून आठवड्या-आठवड्यानं तिच्यात पाणी भरत जागा वाढवतात. रेडिएशन घेतलेल्या छातीत अस्तर आटण्याचं प्रमाण बरंच वाढतं, म्हणून अशा वेळी पाठीचं किंवा पोटाचं स्वतःचं मांस आणि कातडी वापरण्याकडं सर्जनचा कल असतो. विम्याच्या नियमांत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही, पण कर्करोग, भाजणं किंवा अपघातानंतरची पुनर्रचना त्या बंदीतून वगळलेली आहे. पॉलिसीचा कागद काढून हे वाचावं. बऱ्याच जणी न विचारताच सोडून देतात.

उशीचं आयुष्य

सिलिकॉनचा पहिला स्तन-इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवला गेला. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो हे ते सर्जन. टिमी जीन लिंडसी ही पेशंट मुळात गोंदण काढायला गेली होती. तेव्हापासून जेल आणि पिशवी बरीच सुधारली, पण इम्प्लांट जन्मभर टिकतो असं कुणीही म्हणत नाही. अमेरिकेच्या एफडीएच्या माहितीप्रमाणे, आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट घेतलेल्यांपैकी २० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना ८ ते १० वर्षांत ते काढावे लागतात.

घट्ट जेलचा इम्प्लांट फुटला तरी बाहेरून बऱ्याचदा काहीच दिसत नाही, कारण जेल अस्तराच्या आतच राहतो. म्हणून एफडीए सिलिकॉन इम्प्लांटसाठी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय ५-६ वर्षांनी, आणि पुढं दर २-३ वर्षांनी करायला सांगते. मॅमोग्राफीला गेल्यावर इम्प्लांट आहे हे तंत्रज्ञाला आधी सांगायचं, म्हणजे तो इम्प्लांट मागं सारून वेगळ्या कोनातून फोटो घेतो.

कंपनीचं नाव का जपून ठेवायचं, ते दोन घटनांवरून कळतं. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीनं वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं, आणि तिचा संस्थापक झाँ-क्लोद मास याला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीनं खरबरीत पृष्ठभागाचे 'बायोसेल' इम्प्लांट जगभरातून परत मागवले, कारण अस्तरात होणाऱ्या एका दुर्मीळ कर्करोगाशी, लिंफोमाशी, त्यांचा संबंध दिसला होता. चौकटीतलं शेवटचं लक्षण त्याचंच. दोन्ही वेळा बायकांपुढं पहिला प्रश्न एकच होता: माझ्या आत कुठला आहे? प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात चिकटपट्ट्या असतात. त्यावर कंपनी, माप, बॅच आणि अनुक्रमांक छापलेला असतो. एक पट्टी केसपेपरवर लागते, एक आपल्या कार्डावर लावून घ्यायची. डिस्चार्जच्या दिवशी ती मागितली नाही तर नंतर शोधत बसावं लागतं.

पुन्हा ऑपरेशन कधी

आकार आवडला नाही म्हणून सहा आठवड्यांत पुन्हा टेबलावर घेणारा सर्जन विरळा, आणि असला तर त्याच्यापासून जपून राहावं. सूज उतरलेली नसते, अस्तर पक्कं झालेलं नसतं, म्हणजे दुरुस्त काय करायचं तेच दिसत नाही. साधारण सहा महिने, बरेचदा वर्षभर थांबतात. रक्त साचणं, जंतुसंसर्ग यांना हा नियम लागू नाही, ते त्याच दिवशी उघडावं लागतं. तोवर दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात, हात खाली सोडून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. रोज आरशात पाहणाऱ्या डोळ्यांना बदल कळत नाही, फोटोंच्या ओळीत कळतो, आणि तक्रार खरी असेल तर सर्जनपुढं ठेवायला तोच पुरावा असतो.

पैशाचं बोलणं पहिल्या ऑपरेशनआधीच करून घ्यावं. दुरुस्ती लागली तर सर्जनची फी माफ का, भूल आणि हॉस्पिटलचा खर्च कुणाचा, नवा इम्प्लांट लागला तर कंपनी देते का, किती वर्षांपर्यंत आणि कशासाठी. कंपनीची हमी बहुधा फुटण्याची असते, दिसण्याची नसते. उत्तरं लिहून घ्यावीत. सर्जन प्लास्टिक सर्जरीतला एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहे का, हेही त्याच बैठकीत विचारावं. विचारल्याचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.